खाऱ्या हवेत सीडी प्लेअर कसा निवडावा

प्रस्तुत मार्गदर्शन रेवदंडा आणि पंचक्रोशीतील अशा गृहस्थांसाठी आहे, ज्यांना घरी बसून शांतपणे गाणे ऐकायचे आहे आणि असे करता येते यावर ज्यांचा अजून विश्वास आहे. फोनवर सगळे संगीत फुकट मिळत असताना सीडी प्लेअर घ्यायचाच कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी पुढे वाचू नये. त्यांचे घर सुखी आहे, ते तसेच राहो.

बाकीच्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

1. आधी शास्त्र

शास्त्र माहीत नसताना यंत्र घेणारा दुकानदाराला आवडतो. थोडे माहीत असलेला त्याहून जास्त आवडतो. तरीही थोडे सांगणे भाग आहे.

सीडी म्हणजे 120 मिलिमीटर व्यासाची आणि 1.2 मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर एकच सर्पिल माग असतो आणि तो आतून बाहेर वाचला जातो. हा माग उलगडून सरळ केला तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल, म्हणजे रेवदंड्याहून निघून चौल गाठेल आणि वर थोडा उरेल. लेसर आतल्या कडेला असताना चकती मिनिटाला सुमारे पाचशे फेरे घेते आणि बाहेर जाता जाता दोनशेवर येते. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून 1980 साली याचे नियम ठरवले. ऑक्टोबर 1982 मध्ये सोनीचा पहिला प्लेअर जपानी दुकानांत आला.

नियमानुसार आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना 65,536 पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. त्यामुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात 96 डेसिबलचे अंतर मिळते. कंपन्या हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात. रेवदंड्यात त्याचा विनियोग पुढीलप्रमाणे होतो: तळाचा हिस्सा समुद्राच्या गाजेला, त्यावरचा शेजारच्या मिक्सरला, त्यावरचा शनिवार-रविवारी कॉटेजमध्ये उतरलेल्या पाहुण्यांच्या ब्लूटूथ स्पीकरला. उरेल ते आपले. तेवढे कोणताही प्लेअर देतो.

2. अदृश्य लहरींपासून संरक्षण

हाय-फायच्या जाणकारांना विजेच्या आणि चुंबकाच्या अदृश्य लहरींची फार धास्ती. ते प्लेअरखाली पितळी शंकू ठेवतात, वायरीला जाड आवरणे घालतात आणि घरातला वायफाय रात्री बंद करायला लावतात. अशा सल्लागारास नम्रपणे इतिहास सांगावा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय मोजमाप बिघडण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा त्या कामासाठी निवांत जागा शोधली गेली. ती आपल्याच तालुक्यात, अलिबागेत सापडली. 1904 सालापासून पृथ्वीचे चुंबकत्व तिथे मोजले जात आहे.

जो तालुका पृथ्वीला पुरला, तो आपल्या प्लेअरला पुरेल. लहरींवर एक पैसाही खर्च करू नये. तो पैसा मिठासाठी राखून ठेवावा.

3. मीठ

खारा वारा काय करतो याचा अंदाज घ्यायचा असेल तर रेवदंड्याच्या किल्ल्यात जाऊन सातखणी बुरुजाकडे पाहावे. नाव सातखणी, पण सातही खण आज उभे नाहीत. पोर्तुगीजांच्या दगड-चुन्याची ही गत, तर टाचणीच्या डोक्याएवढ्या सोल्डरची काय असेल याचा विचार दुकानदार वर्षाची वॉरंटी देत असताना करावा.

पारख अशी करावी. प्लेअर उलटा करून मागचे सॉकेट पाहावेत. सोन्याचा मुलामा दिलेले सॉकेट दादरला मिरवण्यासाठी असतात, इथे ते गरजेचे आहेत, कारण सोन्याला खाऱ्या हवेत गंज चढत नाही. साध्या सॉकेटवर दोन पावसाळ्यांत हिरवट थर येतो आणि मग डावा स्पीकर आपल्या मर्जीने बोलू लागतो. सोन्याच्या वायरी मात्र घेऊ नयेत. टोकाला मुलामा असला की झाले. आत तांबेच असते आणि विक्रेता त्याच तांब्याला दहापट भाव सांगतो.

झाकणावरच्या जाळीची भोकेही मोजून घ्यावीत. आत ट्रान्सफॉर्मरची ऊब असते आणि पालीला ती लगेच कळते. पाल सर्किटवर आडवी झाली तर दोघांचाही शेवट होतो. जाळीला आतून मच्छरदाणीचा तुकडा लावणे हा उपाय कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला नाही.

प्लेअर पडवीत ठेवू नये, पश्चिमेच्या खिडकीत तर नाहीच. माजघरातली भिंतीतली कोनाडेवजा जागा उत्तम, फक्त मागे चार बोटे वारा खेळू द्यावा.

4. वीज

230 व्होल्ट ही संख्या पुस्तकात स्थिर असते. वाडीत शिंपण सुरू झाले, चार विहिरींवरचे पंप एकदम लागले, की ती खाली येते. झावळी तारेवर पडून न्यूट्रल तुटला की तीच संख्या चारशेच्या दिशेने निघते. पहिल्या प्रकारात प्लेअर बंद पडतो, दुसऱ्यात कायमचा. म्हणून प्लेअरच्या आधी स्टॅबिलायझर घ्यावा, आणि व्होल्टेज फार वाढले तर वीज तोडणारा घ्यावा. दिसायला तो कुरूप असतो. त्याच्यावर विणलेला रुमाल घालू नये, तो तापतो.

इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर स्वतः गुणगुणू लागतो, आणि त्याचा सूर गायकाच्या षड्जाशी जुळेल याची हमी कोणी देत नाही.

अर्थिंग हा विषय मुंबईकर खरेदीदार विसरतो. इतरत्र अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात. इथे मीठ आधीपासून हजर असते आणि तेच खड्ड्यातला लोखंडी पाइप खाते. दर दोन-तीन वर्षांनी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. एका तपासणीचा खर्च एका भारी वायरीच्या खर्चापुढे नगण्य असतो आणि स्पीकरमधली घरघर कधीकधी तिथेच थांबते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. त्या काळात सर्व किमतींचे प्लेअर सारखेच वाजले, म्हणजे वाजले नाहीत.

5. खरेदीचा प्रवास

मोठे दुकान मुंबईत. मांडव्याहून बोटीने गेटवेला जावे. दुकानात शिरल्यावर आपण कुठून आलो हे सांगू नये. "अलिबागसे आया है क्या?" या हिणवणाऱ्या वाक्यावर बंदी घालावी म्हणून 2019 साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती आणि न्यायालयाने ती फेटाळली. कायद्याचा आधार गेला असल्याने स्वतःच्या चेहऱ्यावर भिस्त ठेवावी. दुकानदाराने "जिटर" हा शब्द उच्चारला तर मान हलवावी. जिटर म्हणजे नमुने वाचण्याच्या ठेक्यातली सूक्ष्म डगमग. ती असते, पण आजच्या बऱ्या यंत्रात कानाला सापडत नाही.

पर्याय तीन.

नवा प्लेअर: मरांझ, डेनॉन, यामाहा यांचे साधे नमुने पुरेसे आहेत. दोन व्होल्टचा आउटपुट, ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल डिजिटल सॉकेट, रिमोट आणि न अडखळणारा ट्रे एवढे पाहावे. याहून महागडा प्लेअर घेतल्यास वजन वाढते आणि घरी सांगायच्या किमतीत घट होते.

जुना प्लेअर: 1980च्या दशकातील फिलिप्सच्या, आकड्यांपासून आवाज घडवणाऱ्या टीडीए1541 चिपवर जीव टाकणारा एक पंथ आहे. त्या चिपच्या काही प्रतींवर मुकुटाची खूण असते आणि तिला वेगळा भाव असतो. मुकुट पाहावा, हरकत नाही, पण आधी लेसर पाहावा. चिप म्हातारी होत नाही, लेसर होतो. सोनीच्या केएसएस-213 जातीचा लेसर असेल तर त्याची नक्कल लॅमिंग्टन रोडला मिळते आणि अलिबागेतला मेकॅनिक ती बसवू शकतो. ज्याचा लेसर फक्त युरोपातल्या संग्राहकांकडे मिळतो, तो प्लेअर शोभेचा म्हणूनच घ्यावा.

परदेशी प्लेअर: आखातातून किंवा जपानहून नातेवाइकाने आणलेला. चौल-रेवदंड्याच्या बंदरात परदेशी माल उतरवण्याची परंपरा जुनी आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि तो परत मिळवताना निकितिनची पुरेवाट झाली. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. परदेशी माल आणणाऱ्याने जाता-येता तिथे दोन मिनिटे थांबावे. जपानी यंत्र 100 व्होल्टवर चालते. मधे ट्रान्सफॉर्मर न लावता ते आपल्या प्लगमध्ये घातले तर ते एकदाच वाजते, पण फार मोठ्याने.

6. कानाची परीक्षा

दुकानदार लावतो ती सीडी काच फुटण्याच्या आणि ढोल बडवण्याच्या आवाजांची असते. ती कशावरही छान वाजते. आपली सीडी बरोबर न्यावी. तानपुऱ्याची जवारी ऐकावी: तार छेडल्यानंतरचा झंकार विरत विरत संपतो की कापल्यासारखा थांबतो. डग्ग्याची मींड ऐकावी. मग विलंबितातून द्रुतात जाणारा ट्रॅकचा सांधा ऐकावा. काही स्वस्त यंत्रे तिथे क्षणभर गप्प होतात आणि नेमकी सम खातात. तसे झाल्यास यंत्र परत करावे. सम खाणाऱ्याला घरात घेऊ नये.

आता अवघड भाग. मराठी घरात ज्या सीडी जिवापाड जपल्या जातात, त्यांतल्या कित्येकींवर जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेले गाणे असते. बालगंधर्व असतात, 1937 साली गेलेले अब्दुल करीम खाँ असतात. तेव्हा तीन-सव्वातीन मिनिटांत राग उभा करावा लागे. तबकड्यांच्या अशा वीसेक बाजू एका 74 मिनिटांच्या सीडीत मावतात. त्यांतला गवयाचा आवाज एका कर्ण्यातून किंवा एका मायक्रोफोनमधून मेणावर गेलेला. त्यासाठी दोन लाखांचा प्लेअर घेतल्यास सुईची खरखर विलक्षण स्पष्ट ऐकू येते. वीस हजारांच्या प्लेअरवर ती नुसती खरखर असते, दोन लाखांच्या यंत्रावर तिचे घराणेही ओळखता येते. गाणे दोन्हींत तेवढेच असते, आणि ते पुरेसे असते.

7. पावसाळा आणि निगा

2001 साली स्पॅनिश शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेली एक सीडी तपासली. दमट हवेतल्या बुरशीने तिचे प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही खाल्ले होते. बेलीझकरांना आश्चर्य वाटले असेल. जुलैत चामड्याची चप्पल हिरवी झालेली पाहणाऱ्याला वाटणार नाही.

सीडी कपाटात उभ्या ठेवाव्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्या अधूनमधून तापवून पुन्हा वापराव्यात. सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. कारण आडवा ओरखडा चूक दुरुस्त करणाऱ्या गणिताला झेपतो. मागाच्या दिशेने गेलेला साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतच झेपतो. छापील बाजू जास्त जपावी. सगळे लोक चकचकीत बाजू जपतात, पण अ‍ॅल्युमिनियमचा थर छापील बाजूच्या रोगणाखालीच असतो. त्या बाजूवर बॉलपेनने "आईसाठी" असे लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो.

प्लेअर पावसात बंद ठेवू नये. रोज तासभर वाजवावा, म्हणजे आतली ऊब लेन्सवरचे बाष्प घालवते. वाजवण्याचे वैद्यकीय कारण मिळाल्याने घरातून होणारा विरोधही मावळतो.

8. निकाल

एवढे सगळे झाल्यावर यंत्र घरातल्या आजीला दाखवावे. ती एकच विचारते: "यावर लग्नाची व्हीसीडी लागते का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. लाखाच्या प्लेअरवर ती लागत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर लागते, आणि त्याच्यावर गाण्याची सीडीही वाजते. त्याच्या पाठीमागे बहुधा कोअ‍ॅक्शियल डिजिटल सॉकेटही असतो. त्याला दोन-चार हजारांचा बरा डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा डबा, जोडला की भल्या भल्या कानांना फरक सांगणे जड जाते.

तेव्हा तो डीव्हीडी प्लेअर आधी खाली काढावा. चालू असेल तर नवीन काही घेऊ नये. नसेल तर ज्याचा लेसर अलिबागेत बदलून मिळतो आणि ज्याचा ट्रे ऑगस्टमध्येही उघडतो, तो प्लेअर घ्यावा. वाचलेले पैसे स्पीकरला लावावेत, कारण आवाजातला खरा फरक तिथे आणि खोलीत पडतो. त्यातूनही उरले तर अर्थिंग करून घ्यावे.