गं. भा. कलकत्ता वेळेस अनावृत पत्र

तीर्थस्वरूप गं. भा. कलकत्ता वेळबाई यांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

(उपाधीचा राग नसावा, आपले सारे आयुष्य भागीरथीच्या काठी गेले आणि आपला धनी साहेब १९४७ साली विलायतेस निघून गेला, तेव्हा दुसरी उपाधी सुचेना.)

पत्रास कारण की, येथील आम्हां मराठी मंडळींचा ईमेलवरील सामायिक पत्रव्यवहार ज्या व्यवस्थेने चालतो तीत आजवर ‘उत्तर’ ही कळ दाबली असता मजकूर केवळ मूळ पत्र धाडणाऱ्यास पोहोचे. गेल्या भाद्रपदात आमच्या उत्साही चिटणिसांनी, आगाऊ इत्तला देऊन (ती मी वाचली नाही, हा भाग अलाहिदा), तो दस्तूर फिरविला आणि तेव्हापासून प्रत्येक उत्तर सर्वांच्या घरी जाऊ लागले. मी गणेशोत्सवाच्या प्रसादाविषयी एका स्नेह्यास खाजगीत कळविले की, शिऱ्यातील साखर पाहता खजिनदारांस मधुमेह असावा. तासाभरात खजिनदारांचे उत्तर आले, अर्थातच सर्वांस: ‘रवा पाच किलो, साखर चार किलो, पावती जोडली आहे.’ पावती खरोखरच जोडली होती. गरियाहाटच्या वाण्याची, कोपऱ्यावर हळदीचा डाग पडलेली.

त्या रात्री आपले स्मरण झाले. १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने मिर्झापुरानजीकच्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून अखिल हिंदुस्थानास एकच घड्याळ नेमून दिले, तेव्हा वंगभंग अमलात येऊन जेमतेम अडीच महिने लोटलेल्या या शहरात आपण त्या नव्या प्रमाणवेळेच्या सुमारे २४ मिनिटे पुढे मांड ठोकून बसलात, त्या तब्बल १९४८ पर्यंत. मुंबईची आपली भगिनी तर त्याच प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे रेंगाळत १९५५ पर्यंत हटली नाही. तिकडून हावड्यास उतरणाऱ्या मराठी माणसास त्या काळी तीन वेळा सांभाळाव्या लागत असतील: घरची, गाडीची आणि मुक्कामाची. ‘सहाला या’ म्हटले की कोणाच्या सहाला, हे विचारणे आगाऊपणाचे होते की शिष्टाचाराचे, हे आपणच सांगू शकाल.

परंतु आपणास वकीलपत्र देऊन माझी फिर्याद गुदरावी म्हणून लिहावयास बसलो आणि लेखणी अडखळली. आपल्या बाजूस निदान प्रत्यक्ष सूर्यनारायण होता. डिसेंबरात येथे पाच वाजण्यापूर्वीच तो मावळतो, दुपारचा चहा संपतो न संपतो तोच हाजरा रोडवर दिवे लागतात, आणि मिर्झापूरचे घड्याळ या शहराच्या अंगाला बसत नाही हे शेंबड्या पोरासही दिसते. माझ्या बाजूस आहे ती केवळ उजव्या तर्जनीची सवय. आणि खरे सांगावयाचे तर, जुन्या दस्तुरात माणसाच्या पाठीमागे बोलण्याची जी सोय होती, तिचा लोभ. असल्या दाव्यास बेचाळीस वर्षे कोण उभे राहणार?

येत्या शनिवारी सायंकाळी सात वाजता खजिनदारांकडे जेवणाचे आमंत्रण आहे, तेही सर्वांस. मी मात्र आपल्या घड्याळाने सात वाजता जाईन, म्हणजे मंडळी जमण्यापूर्वी २४ मिनिटे हाती राहतील. माफी मागावयास तेवढी पुरावीत.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.