भेंडी मोडून, वायर न बघता

मंडईत पुणेकराला फसवणं अवघड. तो नारळ कानाशी नेऊन हलवतो, भेंडीचं टोक मोडून पाहतो, कोथिंबिरीची जुडी उलटी करून आतल्या पिवळ्या पानांचा पंचनामा करतो. १८८६ साली मंडईची ही दगडी इमारत ‘रे मार्केट’ म्हणून उभी राहिली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या हे शिक्षण चालू आहे. “मावशी, कालची दिसतेय,” एवढं म्हणताच जुडीमागे दोन रुपये उतरतात.

तोच गृहस्थ पिशवी सावरत विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत शिरतो आणि म्हणतो, “एक बोर्ड द्या. स्वस्तातला.” आयएसआयचा शिक्का? तो बघायला चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा मेथीखाली गेलेला असतो.

वीज दाबून पाहता येत नाही, कबूल. पण बघण्यासारखं पुष्कळ असतं. थ्री-पिनचा वरचा पाय मुद्दाम लांब आणि जाड ठेवलेला असतो, म्हणजे अर्थिंग आधी जोडलं जातं आणि शेवटी सुटतं. आपल्याकडे त्या भोकात बॉलपेन खुपसून टू-पिन बसवायची विद्या मुंजीच्या आधीच येते. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याला सोळा अँपिअरचं सॉकेट हवं. सहाच्या सॉकेटवर चालवला की प्लग तापतो, तपकिरी पडतो. मग आपण प्लग पुसतो. हीटरचा रॉड चालू असताना पाणी तापलं का हे बोट घालून पाहणाऱ्यांबद्दल मात्र मला विनोद सुचत नाही.

गणपती जवळ आले की महावितरण मंडळांना सांगतं : अधिकृत तात्पुरती जोडणी घ्या, अर्थिंग नीट करा. मंडपाचं लोखंड आणि भाद्रपदातला पाऊस पाहता ते बरोबरच आहे. घरच्या आराशीतल्या माळेला मात्र गेल्या वर्षीची चिकटपट्टी पुरते.

ज्यांनी शहाणपणाने विजेची गळती पकडणारा आरसीसीबी बसवून घेतला, त्यांची तक्रार वेगळीच. “सारखा पडतो हो, काढून टाका.” तीस मिलिअँपिअर गळती झाली की पडणं हेच त्याचं काम, हे वायरमनने किती वेळा सांगायचं? त्यावर एक चिमुकलं बटण असतं. अधूनमधून दाबून तो पडतोय ना, ते तपासायचं. पण दाबलं की घरभर अंधार, आणि मालिका नेमकी तेव्हाच रंगात आलेली असते.