किती वेळ लागेल?

हॉटेलात फ्राइड चिकन मागवताना ‘ताजं आहे ना?’ असं विचारण्यात अर्थ नाही. ‘नाही’ म्हणणारा वेटर अजून जन्माला यायचाय. विचारायचं ते एवढंच, किती वेळ लागेल? ‘दोन मिनिटांत आणतो, साहेब’ असं उत्तर आलं की समजावं, तंगडी सकाळीच तळून ठेवलेली आहे, आता तिला नुसता चटका द्यायचाय. ती येते तेव्हा बाहेरून काळपट आणि हाडापाशी गार असते. ‘वीस मिनिटं लागतील’ असं कुणी जरा तुटकपणेच सांगितलं, तर मात्र खुर्ची पुढे ओढून बसावं.

हाडासकट तंगडी आतपर्यंत शिजायला वेळ हा लागतोच. आच वाढवून घाई केली, की वरचं आवरण करपतं आणि आत लाली राहते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, कॉर्बिन गावी पेट्रोल पंपावर वाटसरूंना जेवू घालणाऱ्या हार्लंड सँडर्स यांचीही हीच पंचाईत होती. तव्यात तळायला अर्धा तास, आणि गिऱ्हाईक निघायच्या घाईत. १९३९ मध्ये त्यांनी प्रेशर कुकर आणला आणि त्यात दाबाखाली चिकन तळायला घेतलं. आपण ज्यात वरणभात लावतो, त्यात हा गृहस्थ तेल तापवत होता! (घरी करून बघू नये. शिट्ट्या मोजायला कुणी उरणार नाही.)

माझा जीव मात्र पारशी फरच्यावर. आलं-लसूण-मिरचीत मुरलेलं चिकन आधी ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचं आणि मग फेटलेल्या अंड्यात बुडवायचं. आपल्या कटलेटच्या बरोबर उलट. अंडं बाहेरून असल्यामुळे तेलात पडताच ते फसफसतं, फुलतं, आणि कडेने सोनेरी जाळीदार झालर धरतं. पारशी लग्नाच्या भोण्यात, म्हणजे मेजवानीत, हा फरचा केळीच्या पानावर पात्रानी मच्छीच्या पंगतीला बसतो. मुंबईतल्या काही पारशी-इराणी हॉटेलांतही मिळतो, पण झालर फार वेळ दम धरत नाही, ती मऊ पडली की राहतं ते आम्लेट पांघरलेलं चिकन. आणि तो काट्या-सुरीने खाणाऱ्यांशी माझं काही जमत नाही. हाड धरायलाच तर दिलंय.

वीस मिनिटांत रासबेरी सोडा संपतो, याची तयारी ठेवावी. शेजारच्या टेबलावरची प्लेट आधी आली, तर तिच्याकडे टक लावून पाहू नये. पाहिलंच, तर निदान झालर तपासून घ्यावी.