असलेला बरा

लेस्टरच्या आमच्या डॉक्टरकाकांनी एखादी वस्तू लागते म्हणून घेतली, असं कधी झालेलं नाही. ती ‘असलेली बरी’ म्हणून घेतात. घरात माणसं दोन, कुकर चार. छत्र्या मोजायला बसलं तर इंग्लंडचासुद्धा पाऊस थांबेल. नोकरी संपल्यावर मोटरहोम आलं तेही याच न्यायाने. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, काकांचं ड्युकाटो गाडीवर : पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, देव्हारा. देव्हारा काकूंचा, बाकी सगळं असलेलं बरं. आता एवढ्या विंचवाला नांगी नाही ही रुखरुख काकांना लागली आणि गाडीमागे ट्रेलर जोडायच्या दांड्याचं, म्हणजे टोबारचं, खूळ डोक्यात शिरलं.

“जोडायचंय काय मागे?” काकूंनी विचारलं.

“आज काही नाही.”

“मग?”

“अगं, पण उद्या जोडावंसं वाटलं तर?”

या युक्तिवादापुढे काकूंनी संसारभर हात टेकले आहेत. त्या मुकाट्याने भाजी निवडायला लागल्या.

टोबार बसवणाऱ्याकडे काकांनी मलाही नेलं. साक्षीदार असलेला बरा. कारागीर गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलू लागला. कारचं काम सोपं, पण मोटरहोमची मूळ चासी मागच्या चाकांपलीकडे थोडक्यात संपते आणि वरचं घर मात्र पुढेही लांबत जातं. टोबारला धरायला लोखंड लागतं, प्लायवुड चालत नाही. म्हणजे आधी चासीला जोड द्यायचे आणि वाटेत सांडपाण्याची टाकी किंवा स्टेपनी आली तर तीही हलवायची. मग डोकं बाहेर काढून त्याने विचारलं, “ओढणार काय?”

“काय काय ओढता येईल?” काका म्हणाले.

माणूस सज्जन होता. त्याने काकांना गाडीच्या प्लेटवरचे चार आकडे दाखवले. गाडीचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, पुढच्या ॲक्सलचं, मागच्या ॲक्सलचं. मग खडूने जमिनीवर हिशेब मांडला. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर समजा ४ मीटर, ट्रेलर अडकवायचा टोबारचा गोळा मागच्या ॲक्सलच्या २ मीटर मागे. गोळ्यावर १०० किलो टेकवले की मागच्या ॲक्सलवर १५० पडतात आणि पुढचे ५० उचलले जातात. ड्युकाटोला ओढतात ती पुढची चाकं. ती हलकी झाली की कॅम्पसाइटच्या ओल्या गवतावर जागच्या जागी फिरत राहणार. इथलं गवत कोरडं कधी असतं ते त्यानेही सांगितलं नाही.

“यावर उपाय?”

“गाडीतलं सामान कमी करा.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आयुष्यभर रुग्णांना पथ्य सांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी पथ्य सांगितलं असावं. विषय बदलून त्यांनी छोटी कार ए-फ्रेम नावाच्या जोडचौकटीने मागे ओढत हिवाळ्यात स्पेनला जायचा बेत काढला. कारागीर म्हणाला, ब्रिटनमध्ये अशी कार ट्रेलर धरली जाते आणि ७५० किलोंच्या वर असली तर तिला चालते ब्रेक लागतात. स्पेनमध्ये मात्र पोलीस थांबवून दंड करतात.

“मग स्पेनमध्ये नाही ओढणार,” काका म्हणाले. “पण बार असलेला बरा.”

ट्रेलरच्या दिव्यांपुरतं ७ पिनांच्या सॉकेटवर भागलं असतं, काकांनी १३ पिनांचं घेतलं. गोळा इथे सगळीकडे असतो तोच, ५० मिलिमीटरचा. त्यात दुसरा मोठा मिळत नाही, याचं काकांना वाईट वाटलं. टोबार काढता-घालता येणारा घेतला, पैसे जास्त पडले तरी. गाडी ४,२५० किलोंची, म्हणजे सत्तरीनंतर तिचं लायसन्स टिकवायला डी-४ फॉर्मवर डॉक्टरी तपासणी आली. स्वतः डॉक्टर असून दुसऱ्या डॉक्टरपुढे डोळे मोठे करून बसण्याचा अपमानही त्यांनी आनंदाने गिळला. मोठ्या गाडीचं लायसन्स असलेलं बरं.

टोबार बसून आता बराच काळ लोटला. त्याने अजून काहीही ओढलेलं नाही. काढता येत असूनही काका तो काढत नाहीत, जागेवर असलेला बरा म्हणून. आणि तो नेमका नडगीच्या उंचीवर आहे. पोस्टमन, काकू, मी, सगळ्यांचं एकेकदा आपटून झालं. फक्त काकांना अजून लागलेला नाही, दोन्ही अर्थांनी. तेव्हा लेस्टरला त्यांच्याकडे कधी जेवायला गेलात, तर जेवण उत्तम असतं, पण गाडीच्या मागून जाऊ नका. पुढून वळसा घ्या.