श्री. द्राक्षघड यांस खुले पत्र

श्री. द्राक्षघड,
मु. पो. हातगाडी, फुलपाडा, विरार (पूर्व) यांसी,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण निफाडहून एवढ्या लांब आलात आणि आल्या आल्या आम्ही आपल्याला पातेल्यात बुडवून ठेवलं. त्याचा खुलासा करणं भाग आहे.

आपल्या शुद्धीचा विधी सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपने ठरवून दिलाय. पहिलं पाणी मिठाचं, दुसरं सोड्याचं, तिसरं व्हिनेगरचं, चौथं नुसतं. एका काकांनी भांड्याची पावडरही सुचवली होती. ती तूर्त राखून ठेवली आहे. आमच्याकडे पापडखिंडीचं धरण उशाला आणि कोरड घशाला! टँकर आला की बादल्या घेऊन पळायचं. तरी आपल्या अभ्यंगस्नानात काटकसर केली नाही, याची नोंद घ्यावी.

आपल्या अंगावरची पांढुरकी भुकटी औषधाचीच, असं ठरवून आम्ही मणी न् मणी चकचकीत होईपर्यंत चोळला. चार फुटले, दहा देठातून निखळले. ती भुकटी म्हणजे वेलीनेच चढवलेलं मेण असतं, हे नंतर कळलं. डावणी-भुरी या वेलीच्या रोगांसाठी मारलेल्या औषधांचा अंश बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही.

सोड्याला शास्त्राधार आहे, पण तो सफरचंदाचा. २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या प्रयोगात सोड्याच्या पाण्याने १२ ते १५ मिनिटांत सालीवरची दोन औषधं निघाली. सालीत मुरलेलं मात्र तिथेच राहिलं. ग्रुपवर फिरताना सफरचंद गळालं आणि सोडा तेवढा उरला.

आपले सख्खे भाऊ रॉटरडॅमला गेले, त्यांचा थाट वेगळा. त्यांची बाग नोंदलेली, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाचा अंश जास्त सापडला, तर युरोपने माल नाकारला. आपण फुलपाड्याला आलात; आपल्याला कुणी काही विचारलंच नाही. तिकडे जे काम प्रयोगशाळा करते, ते इकडे चमचाभर मिठावर सोपवलंय.

औषधांच्या अंशाची मर्यादा आपल्या देशातही कायद्याने ठरलेली आहे. तेव्हा संबंधित खात्यांनी हातगाडीवर येणाऱ्या पेटीवरही बागेचा पत्ता आणि तपासणीचा दाखला आणावा. मुरलेलं औषध बागेतच रोखायला हवं. ते मोरीत धुऊन जात नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक खाणारा

ता. क. वाचकांसाठी : द्राक्षं आणल्या आणल्या धुऊन ठेवू नयेत, ओलीने लवकर सडतात. खायच्या वेळी घड हातात धरून वरून तांब्याभर पाणी ओतत बोटांनी हलकेच चोळावा. धूळ, गाडीवरची घाण आणि दहा हातांचा मळ तेवढ्याने निघतो. साबण नको.