काकू आणि गेट

आमच्या सोसायटीत टाकी धुण्याची नोटीससुद्धा 'काइंडली' पहिल्या ओळीत घालायचं की शेवटच्या, हे मला विचारून लागते. हा मान मी मागून घेतलेला नाही. पण कोणी देऊ केला तर नाही म्हणण्याचा उद्धटपणा माझ्या अंगी नाही. त्यामुळे तळमजल्यावरच्या काकूंचं मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायचं ठरलं आणि "अरे, मला कामापुरतं इंग्रजी शिकव" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी आढेवेढे घेतले ते केवळ रीत म्हणून.

सुरुवात 'गेट'पासून. फाटक नव्हे, क्रियापद. एवढ्याशा शब्दात अर्धी अमेरिका बोलता येते, असा माझा हिशेब. मिळणं गेट, आणणं गेट, पोचणं गेट, समजणं गेट. गेट मॅरिड म्हणजे लग्न होणं, गेट टायर्ड म्हणजे दमणं. "त्याच क्रमाने," काकू वहीत लिहीत म्हणाल्या. हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच, इंग्लंडवर चालून आलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतून तो आला, अशी विद्वत्ताही मी पाजळली. "म्हणजे लुटारूंचा. तरीच मिळवणं न् उचलून आणणं एकाच शब्दात."

माझ्या विद्वत्तेचा उगम रेन आणि मार्टिनच्या व्याकरणात आहे, आणि इथे रेनसाहेबांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हा गृहस्थ मुंबई इलाख्यात शिक्षणखात्यात होता. पुढे त्याने 'बो जेस्ट' ही कादंबरी लिहिली, 1924 साली. फ्रेंच परदेशी पलटण, सहारा, नीलमण्याची चोरी. 1939 च्या सिनेमात गॅरी कूपर होता. ज्याच्या पुस्तकात आम्ही 'द रॅट वॉज किल्ड बाय द कॅट' करत बसलो, तो माणूस मनातून उंटावर बसलेला होता, हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. त्या कादंबरीत वेढा पडलेल्या किल्ल्यातला अधिकारी मेलेल्या शिपायांना तटावर बंदुकीसकट उभं करतो. शत्रूला वाटावं, सैन्य भरपूर आहे. शाळेतल्या इंग्रजीची याहून नेमकी उपमा मला सापडलेली नाही. माझ्या डोक्यातही अशी कितीतरी वाक्यं ताठ उभी आहेत, दुरून पाहणाऱ्याची छाती दडपावी अशी. जवळ येऊन कोणी "व्हॉट्स अप?" विचारलं की एकही हलत नाही.

असो. काकूंची गाडी 'गेट ओव्हर'पाशी अडली. आपल्याकडे दूध 'गॉट ओव्हर' होतं, साखर होते, सिलिंडर तर हमखास पाहुणे आल्यावर होतो. तिकडे तसं म्हणत नाहीत, मी सांगितलं. तिकडे संपलं की 'रन आउट'. गेट ओव्हर म्हणजे दुखण्यातून उठणं, दुःखातून सावरणं.

"मग आजवर आमची साखर सावरत होती म्हण की," काकू हसल्या. मग पेन थांबलं. "हे गेले, त्याला कसं म्हणायचं? आय गॉट ओव्हर?"

व्याकरण बरोबर होतं. पुढे कर्म हवं, एवढीच सुधारणा होती, पण ती माझ्या तोंडून निघेना.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हे वाक्य मला तिकडे लागायचं नाही." आणि पान उलटलं.

मला राग आहे तो त्यांच्या जावयाचा. "आई, एअरपोर्टवर काही विचारलं तर नुसतं हसा, कागद दाखवा," असं त्याने फोनवर बजावलं होतं. ज्या बाईने पोस्टाच्या खिडकीत सगळी नोकरी काढली, मनीऑर्डरीचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही, न लिहिता येणाऱ्यांची पत्रं फावल्या वेळात लिहून दिली, तिने नुसतं हसायचं? आणि सांगणारा स्वतः 'माझी चष्मा' म्हणतो! त्याला कोणी सांगत नाही, बाबा, पुण्यात उतरलास की नुसता हस म्हणून. काकूंना यातलं काही लागलं नसावं. मला मात्र इतकं लागलं की त्या दिवशी मी त्यांना 'गेट लॉस्ट'ही शिकवलं, अभ्यासक्रमात नसताना.

'गॉटन'वर आमचं वाजलं. अमेरिकन लोक 'हॅव गॉटन' म्हणतात. उमेदीच्या काळात मी दिसेल तिथे लाल शाईने तो शब्द खोडला आहे. पुढे वाचनात आलं की ते रूप जुनंच. इंग्रजांनी टाकलं, अमेरिकेने सांभाळलं. ही माहिती मी काकूंना दिली नाही. गुरूने थोडं राखून ठेवावं.

काकू गेल्या. पोचल्याचा फोन आला तो आनंदाने फुटणारा. नुसतं हसल्या नव्हत्या. अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारल्यावर ठणकावून म्हणाल्या होत्या, "आय हॅव कम टु गेट अ ग्रँडचाइल्ड."

"मग?"

"आधी त्याने मान वर करून पाहिलं. म्हणाला, कुठून गेट करणार? मी पोटावर हात ठेवून म्हटलं, डॉटर. नाइन्थ मन्थ. तेव्हा हसला मेला. शिक्का मारला, वर 'कॉन्ग्रॅच्युलेशन्स' म्हणाला. माझं काही चुकलं का रे?"

मी चष्मा पुसून घेतला आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याचं त्यांना कळवलं.