नोटासाहेब आगे बढो!

प्रभागात फ्लेक्स लागले आहेत. प्रभाग चार जागांचा, त्यामुळे न आवडणारे उमेदवारही चौपट. ‘अ’ जागेवरचे गृहस्थ मागच्या खेपेला ज्या पक्षाच्या नावाने शंख करत होते, त्याच पक्षाचं उपरणं गळ्यात घालून हात जोडताहेत. ‘ब’मध्ये माजी नगरसेवकांच्या सौभाग्यवती, फ्लेक्सवर फोटो यजमानांचाच मोठा. ‘क’मध्ये बिल्डर. ‘ड’मध्ये त्या बिल्डरचा मेहुणा, पण अपक्ष. यंत्र असं, की चारही बटणं दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही.

अशा वेळी सुशिक्षित माणसाची नजर थेट तळाशी जाते. तिथे नोटासाहेब असतात. त्यांना मुलगा नाही, पुतण्या नाही, साखर कारखाना नाही. ते रातोरात गुवाहाटीच्या हॉटेलात सापडले नाहीत. वाढदिवसाला चौक अडवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या कृपेने २०१३ साली जन्मले आणि २०१५ पासून मतपत्रिकेवर काळी फुली हे चिन्ह मिरवताहेत. त्यांच्या जन्माआधी कुणीच नको असेल तर ४९-ओ या नियमाखाली केंद्रावरच्या अधिकाऱ्याला तसं तोंडाने सांगून नोंदवहीत सही करावी लागे. म्हणजे मत गुप्त, पण खोलीतल्या सगळ्या पोलिंग एजंटांना माहीत.

साहेबांची कारकीर्दही वाईट नाही. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये सत्तावीस हजारांवर मतं घेऊन ते चक्क दुसरे आले. अनामत रक्कम न भरता! २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तेव्हा त्या पक्षाने नोटालाच मत द्या म्हणून प्रचार केला. दोन लाख अठरा हजारांवर मतं पडली. आयुष्यभर अपक्ष राहिलेल्या माणसालाही शेवटी पक्षाने गाठलंच. (विजयी उमेदवाराला बारा लाखांवर मतं होती, हे जाताजाता सांगायला हवं.)

अडचण एकच. साहेब पहिले आले तरी पडतात. लोकसभा-विधानसभेला त्यांच्या खालोखाल मतं मिळवणारा गुलाल उधळून घेतो. महापालिका-ग्रामपंचायतींसाठी आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये थोडी माया दाखवली: नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. पण तिला तेच उमेदवार पुन्हा उभे राहू शकतात, आणि दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिला तर त्याच्या मागचा निवडून आला असं समजायचं. जनतेला दोनदा विचारायचं आणि दोन्हीदा तिने ‘नको’ म्हटलं, तर ते ‘हो’ धरायचं. आमच्याकडची काही लग्नं अशीच जमली आहेत.

तरीही आमच्या सोसायटीतल्या अण्णांचा निश्चय ठाम आहे. परवा ‘क’चा कार्यकर्ता चिठ्ठ्या वाटायला आला, तेव्हा त्यांनी दारातच ठणकावलं, “तुमच्या साहेबांना मत देणार नाही. चारही ठिकाणी नोटा दाबणार!”

कार्यकर्त्याचा चेहरा उजळला. “दाबा की अण्णा, तुमचा हक्कच आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी चालत कशाला जाताय, नऊ वाजता रिक्षा पाठवतो.”

समोरच्या फ्लॅटमधल्या जोशीकाकू म्हणाल्या होत्या, सगळेच तसले, पण ‘क’मध्ये दगडापेक्षा वीट मऊ म्हणून बिल्डरच्या विरोधातल्या बाईंना देईन. काकूंचेही गुडघे दुखतात. त्यांना रिक्षाचं कुणी विचारलेलं नाही.